ऊसतोडीच्या टोळीतली एएफपी केस आणि दुसरं सॅम्पल

मी कर्नाटकातल्या निपाणी भागात पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला, सिस्टर आहे. गाळप हंगाम सुरू झाला की आमच्याकडं बीडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात, रानात कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडतात आणि आशाच्या घरोघरी सर्व्हेत ज्यांचं एकही घर नाही अशी अख्खी वस्ती उभी राहते. फड संपला की ती वस्ती दुसऱ्या गावाला, कधी कधी दुसऱ्या राज्यात. महाराष्ट्रातलं कागल काय, पलीकडंच.

त्या दिवशी आमच्या आशाताईंचा फोन आला, सिस्टर एक पोरगी पाय ओढतीया, जरा येऊन बघा. गेले तर आईबाप फडात, आणि चार वर्षांची ती पोर मोठ्या बहिणीच्या कडेवर, बहीण तरी केवढी, नऊ-दहा वर्षांची असेल. खाली उभी केली तर डावा पाय टेकवेचना, मी पाय हातात घेतला तर नुसता लोंबत होता. आधी ताप आलेला, कुणीतरी कुल्ल्यात सुई टोचलेली, त्यानंतरच पाय लुळा पडला असं बहीण सांगत होती.

१५ वर्षांच्या आतल्या लेकराचा हात-पाय असा अचानक लुळा पडला की कारण काहीही वाटू दे, एएफपी (अचानक आलेला लुळेपणा) म्हणून लगेच कळवायचं असतं, पोलिओ तर नाही ना हे बघायला. लोक म्हणतात पोलिओ तर गेला की. खरं आहे, देशातली शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची, हावड्याची, आणि २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं. पण पाय लुळा पडायला दुसरीही कारणं असतात, म्हणून वर्षाला १ लाख मुलांमागं अशा निदान २ केसेस सापडल्याच पाहिजेत असं धरलेलं आहे. एकही सापडली नाही तर तिथं कुणी बघायलाच गेलं नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि कोप्यांवर नेमकं तेच होतं याचा मला फार त्रास होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाय कधी लुळा पडला ती तारीख, कारण त्यापासून १४ दिवसांच्या आत शौचाची दोन सॅम्पल लागतात, दोन्हींमध्ये २४ तासांचं अंतर ठेवून. आई दुपारी आली, तिला तारीख सांगता येईना, पण म्हणाली पोरीपाशी थांबले त्या दिवशी खाडा पडला, म्हणजे गैरहजेरी लागली. मुकादमाची वही मागितली. त्यात तिच्या नावापुढं खाडा मांडलेला होता, तारखेसकट. दहावा दिवस निघाला. आजारी लेकरासाठी घरी बसलं तर खाड्याचे पैसे उचलीवर, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेवर, चढतात, त्यामुळं ही माणसं दुखणं सांगतच नाहीत, आणि त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांनी एकदा ती वही बघावी. आई मला म्हणत होती, ताई ॲडमिट करू नका, कोयता बंद पडला तर उचल कशी फेडायची.

पहिलं सॅम्पल संध्याकाळी मिळालं, अंगठ्याच्या पेराएवढं पुरतं, डबीत घालून बर्फाच्या कॅरियरमध्ये ठेवलं. तेवढ्यात मुकादम म्हणाला टोळी रात्रीच हलणार, कागलच्या पुढं, गाव नक्की नाही. लसीचं कार्ड गावाकडं राहिलेलं, बापाच्या फोनला रिचार्ज नाही. मी ट्रॅक्टरवाल्याचा नंबर घेतला, आमच्या डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी डब्ल्यूएचओच्या सर्व्हेलन्स ऑफिसरना, त्यांनी पलीकडच्या तालुक्याला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ट्रॅक्टरवाला फोन उचलेना, शेवटी उचलला तेव्हा तो कारखान्याच्या लायनीत होता. त्यानं गाव सांगितलं आणि तिथल्या आशाताई, ज्यांना मी आजतागायत बघितलेलं नाही, अंधार पडल्यावर मोबाईलच्या उजेडात कोप्या हुडकत गेल्या आणि सॅम्पल घेतलं. डबी सकाळी कोगनोळी नाक्यावर माझ्या हातात दिली गेली. दोन्ही सॅम्पल एकत्र बेंगळुरूच्या लॅबला गेली. फॉर्मवर पत्ता बीडचा, सॅम्पल दोन राज्यांतली.

पोलिओ निघाला नाही. डॉक्टरांच्या मते सुईनं नसेला इजा झालेली. माझं म्हणणं एवढंच आहे की टोळी उतरली त्याच दिवशी मुकादमाची यादी, लेकरांच्या नावांसकट, पीएचसीला मिळाली पाहिजे आणि टोळी हलली की ती पुढच्या पीएचसीला गेली पाहिजे, मग ते महाराष्ट्रात असो नाहीतर कर्नाटकात. कारखान्याला प्रत्येक गाडी कुठं आहे ते माहीत असतं.

६० दिवसांनी पाय परत तपासायचा तेव्हा हंगाम संपून टोळी बीडला गेलेली. तिथल्या सिस्टरना फोन लावला, त्या स्वतः घरी जाऊन आल्या. पोरगी चालती आहे पण पंजा अजून नीट उचलत नाही, फिजिओथेरपीला जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यावं लागेल असं त्या म्हणाल्या. आईला दोनदा घेऊन जायचं जमलंय. पुढच्या हंगामाची उचल त्यांनी घेतलीय, टोळी कुठं उतरणार ते कळलं की मला फोन करा म्हणून सांगून ठेवलंय.