टाच कोरडी राहिली तर

भाद्रपदातली चिकट दुपार. पाऊस नाही, वाराही नाही. जेवून दिवाणावर आडवा झालो होतो, तोंडावर पेपर. डोळा लागतो न लागतो तोच दिवाणाखालून आवाज सुरू झाला. चप्, चप्, चप्. मध्ये एक सुस्कारा. पुन्हा चप्, चप्.

ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांना हा आवाज समजावून सांगायला नको. रात्री गळणाऱ्या नळासारखा असतो तो, एकदा कानाने धरला की सोडत नाही. त्यात मला मोजायची खोड. पंख्याचे खटके, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, फाटकात अडकलो की मालगाडीचे डबे, काहीही मोजतो. त्या दुपारी ११२ पर्यंत गेलो आणि उठून बसलो.

"तर्री! काय करून राहिली?"

थांबली. दिवाणाखालून दोन डोळे बाहेर आले, मला नीट न्याहाळून परत गेले. मी उशीला डोकं टेकलं, की चप्.

तर्री आमच्याकडे आली ती एका पोहेवाल्याच्या ठेल्यामागून. तर्री-पोह्याच्या ठेल्यापाशी सापडलेल्या पिल्लाचं नाव नागपुरात दुसरं काय ठेवणार? जात गावठी, अंग तपकिरी आणि चारही पायांत जन्मतःच घातलेले पांढरेशुभ्र मोजे. हे मोजे म्हणजे आमच्या घरात कौतुकाचा विषय. दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आसपास ते गुलाबी दिसायला लागले आणि महिन्याभरात विटकरी झाले. आधी वाटलं, माती. पण आमच्या लेआऊटमधली माती काळीभोर, विटकरी रंग येणार कुठून? बायको म्हणाली, "नाव सार्थ केलं पोरीने. तर्रीत पाय बुडवून आली." आम्ही हसलो, फोटोबिटो काढले. रंग थुंकीचा आहे हे पुढे डॉक्टरांकडे कळलं. कुत्र्याच्या लाळेत पोर्फिरिन नावाचं द्रव्य असतं, चाटून चाटून ते पांढऱ्या केसांना चढतं. म्हणजे ती केव्हाची चाटत होती आणि आम्ही फोटो काढत होतो.

मला कळलं नाही याला एक कारण आहे. ऍलर्जी म्हटलं की मला शिंका आठवतात. माझ्याच. पावसाळा सरता सरता सकाळी दात घासताना मला ओळीने ९ शिंका येतात, दहावी येता येता परत जाते आणि दिवसभर नाकात बसून राहते. कुत्र्याचं बहुतेक वेळा असं नसतं. हवेतला जो परागकण माझ्या नाकाला झोंबतो, तो त्याच्या कातडीला झोंबतो. मग ते पाय चाटतं, कान फडफडवतं, सोफ्याच्या कडेला तोंड घासत जातं. दोन पावसाळे आम्ही दोघं एकाच खोलीत एकाच दुखण्याने बेजार होतो, मी रुमालात आणि ती पंजात, आणि एकमेकांना ओळखलं नाही.

लेआऊटमध्ये सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणालं, "काका, चिकन बंद करा." कोणी म्हणालं, कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ घाला. समोरच्या वहिनींनी खोबरेल तेल सांगितलं. ते लावलं. तर्रीने शेवटच्या थेंबापर्यंत चाटून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी माझ्यापुढे येऊन पंजा पुढे केला. मुलाने पुण्याहून चार पायांचे चार बूट पाठवले. ते घालून ती गरम वाळूवर उभी असल्यासारखी एकेक पाय उचलत राहिली, मग बसली ती उठेचना. आता ते बूट शोकेसमध्ये आहेत.

शेवटी डॉक्टर मॅडम. त्यांनी आधी बारीक फणीने पिसवा आणि गोचिड्या शोधल्या, कानांत डोकावल्या, बोटांच्या बेचक्या फाकवून पाहिल्या. मग विचारलं, "वर्षभर चाटते की ठरावीक दिवसांतच?" मी गप्प. दिवसाला ११२ वेळा मोजणारा माणूस मी, पण कोणत्या महिन्यात हे सांगता येईना. वर्षभर असेल तर खाण्याचाही संशय घ्यावा लागतो म्हणे, ठरावीक दिवसांतच असेल तर हवेचा. घरी ओल आहे का, बुरशी आहे का, हेही विचारलं, तेव्हा मला खिडकीतला कूलर आठवला. उन्हाळा संपला तरी आम्ही तो काढत नाही, ऑक्टोबर हीटसाठी राहू देतो. आत मागच्या वैशाखातली खस कुजत पडलेली. आणि तर्रीची लाडकी जागा नेमकी त्या खिडकीखाली.

मी जरा चाचरतच म्हणालो, की माझी सर्दीची गोळी अर्धी करून देणार होतो. मॅडमनी चष्मा काढला. "दिली नाही ना?" नाही म्हटल्यावर पुन्हा घातला. आपल्या सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल असतं, नाक मोकळं करणारं आणखी काहीबाही असतं आणि ते कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. साधी सेटिरिझिनसुद्धा नुसतीच असावी लागते, त्यात दुसरं काही मिसळलेलं चालत नाही, आणि तिची मात्रा वजन बघून डॉक्टरनेच ठरवायची. तशी त्यांनी दिली, फार बेजार झाली तरच द्या म्हणून. बाकी औषध एकच. फिरून आलं की पाय धुवा. कोमट पाणी, बोटांच्या बेचक्यांतून, आणि मग नीट कोरडे करा, नाहीतर ओलीने दुसरंच दुखणं सुरू होईल.

"पाय धुवूनच घरात घ्यायचं," त्या म्हणाल्या. "नियम करून टाका."

मला हसू आलं. मॅडमना वाटलं असेल, फी ऐकून.

आमचं जुनं घर नागपुरातल्याच महाल वस्तीत. शाळा सुटली की आम्ही पोरं चिटणीस पार्कवर, आणि अंधार पडता पडता धुळीने माखून घरी. मागच्या दाराने यायचं, मोरीवर जायचं. बादली, तांब्या, वज्री. तिथून घरात शिरायच्या दारात आजी बसलेली. पायावर पाणी ओतून सरळ आत पळायची सोय नव्हती. ती एकेकाचा पाय मांडीवर घ्यायची, तळवा उलटा करायची आणि अंगठ्याने टाच चाचपायची. आम्ही एका पायावर लंगडत उभे, भिंतीला हात टेकून.

"टाच कोरडी राह्यली तर कली शिरते बरं."

मग नळराजा. रोज नळराजा. बारा वर्षं कली त्याच्या मागावर होता, पण राजाच्या वागण्यात काही खोट सापडेना. एका संध्याकाळी राजा पाय न धुता संध्येला बसला आणि कली शिरला. फाशांत राज्य गेलं, अंगावरचं वस्त्र पाखरांनी नेलं, झोपलेल्या बायकोला रानात सोडून गडी चालता झाला. आजीच्या हिशेबी हे सगळं एका टाचेपायी. मला तो कली उधारी वसूल करायला आलेल्या माणसासारखा दिसायचा. वही काखोटीला मारून, मोरीच्या भोकापाशी उकिडवा बसलेला. बारा वर्षं त्या ओलीत बसून त्याचे पाय कसे भरून आले नाहीत, हा प्रश्न मी एकदा विचारला होता आणि धपाटा खाल्ला होता.

माझा एक आतेभाऊ थंडीत पाण्याला फार भ्यायचा. तो भिंतीआड जाऊन टाचेला थुंकी लावायचा. आजीचा अंगठा फिरायचा, मध्येच थांबायचा. "पुन्हा जा." कसं कळायचं देव जाणे. ओल ती ओल, त्यात थुंकीची कुठली आणि पाण्याची कुठली. पण दिवाणाखाली तर्री पायाला थुंकी लावत बसते तेव्हा मला हटकून तो आतेभाऊ दिसतो. आता मोठा साहेब आहे, नाव सांगत नाही.

मारबतीच्या दिवशी तर दोनदा पाय धुणं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी महालाच्या रस्त्यांवर मुंगी शिरायला जागा नसते. काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे अशा पुतळ्यांची मिरवणूक, ढोलताशे, आणि सगळ्या गल्लीचा एकच ओरडा, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" आजी सज्जातून स्वतःची यादी सांगायची. खोकला घेऊन जा, खाज घेऊन जा, अमकीच्या सुनेचं तोंड घेऊन जा. आणि आम्ही गर्दीतून परत आलो की म्हणायची, आता जी काही रोगराई तिथे सांडली असेल ती तुमच्याच पायाला लागून आली असेल. धुवा.

तर आता आमच्या फाटकाशी एक बादली असते. सकाळी साडेसहाला फिरून आलो की मी पायरीवर बसतो आणि तर्रीचा एकेक पाय मांडीवर घेतो. आजीसारखाच. बोटांच्या बेचक्यांतून अंगठा फिरवतो तेव्हा काय काय निघतं! कुसळं, मातीचे बारीक खडे, एकदा चक्क साबुदाण्याचा दाणा. पण निघायला हवं ते डोळ्यांना दिसत नाही. आमच्या लेआऊटमध्ये दर चार घरांमागे एक रिकामा प्लॉट आहे, मालक कुठे अमेरिकेत, आणि प्लॉटमध्ये कमरेएवढं गाजर गवत. पांढऱ्या फुलांनी दिसतं मोठं साजिरं, पण माणसाच्या कातडीला आणि नाकाला तेच छळतं. ते खायला मेक्सिकोचे भुंगेरे आपल्याकडे १९८४ मध्ये सोडले होते. आमच्या कोपऱ्यावरच्या प्लॉटवरही ते येतात, पानांची जाळी करतात, आणि पुढच्या पावसाला गवत पुन्हा उभं. तर्रीला नेमका याचाच त्रास आहे असं मॅडम म्हणत नाहीत. दुसरंही गवत असेल, धूळ असेल, तो कूलर असेल. पण आपल्याला कोणीतरी शत्रू हवा असतो. मी तिला त्या प्लॉटच्या अंगाने नेत नाही. ती मात्र तिकडेच ओढते, कारण तिथे मांजर राहते.

कूलरमधली खस काढून टाकली. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत बायको दुधाचा हिशेब लिहिते, त्याच चौकोनांत मी पेन्सिलने तर्रीचा लिहायला लागलो. "दूध १ लि. चाट फार." "दूध नाही. चाट कमी." भय्याने महिनाअखेरीला हिशेब बघितला आणि बराच वेळ काही बोलला नाही. पान उलटत गेलं तसं दिसायला लागलं, की पोळ्याला सुरू होतं, दसऱ्यापर्यंत चढतं आणि दिवाळीत थंडी पडली की ओसरतं. माझ्या शिंकांचंही तेच. त्या मी लिहीत नाही.

परवा मॅडमकडे कान दाखवायला गेलो होतो. निघता निघता सहज विचारलं, "कुत्र्याची टाच कुठली हो?"

त्यांनी तर्रीचा मागचा पाय धरला आणि अर्ध्या उंचीवरच्या, मागे वळलेल्या त्या कोनावर बोट ठेवलं. मी जन्मभर त्याला उलटा गुडघा समजत आलो होतो. "ही टाच. कुत्री बोटांवर चालतात. चालताना टाच वर, हवेत."

सेमिनरी हिल्सचा उतार उतरून फुटाळ्याला येईपर्यंत मी त्याच विचारात. म्हणजे कुत्र्याची टाच जमिनीला टेकते ती बसल्यावर. धुतलेल्या पायांचं कुत्रं तर आजीने पाहिलंच नसेल. तिच्या नियमाने पृथ्वीवरचं एकेक कुत्रं कोरड्या टाचेने हिंडतंय, कलीला मोकळं रान. आणि तरी युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलं ते कुत्रंच. आजीला हे विचारायला हवं होतं. धपाटा मिळाला असता, पण उत्तरही मिळालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून चारही पंजे धुऊन झाले, की मागच्या दोन टाचांवरून मी ओला हात फिरवतो. तर्री मान वळवून बघते. बायकोने खिडकीतून विचारलं, "तिथे काय लागलंय?"

"काही नाही," म्हटलं.

काल दुपारी ३४ ला थांबली. बहुतेक झोपली.