सायकल कमी केली आणि रांग ओसरली

सिग्नलच्या कंट्रोल रूममध्ये एक समज घट्ट बसलेला असतो: गर्दी वाढली की सायकल, म्हणजे सगळ्या दिशांना एकेकदा हिरवा मिळून एक फेरी पूर्ण व्हायला लागणारा वेळ, वाढवायची. त्यामागे हिशेबही आहे. फेज, म्हणजे एकेका दिशेच्या हिरव्याची पाळी, बदलताना पिवळा दिवा, सगळीकडचा लाल आणि पहिली गाडी हलेपर्यंतचा वेळ मिळून चारेक सेकंद फुकट जातात. चार फेजचा चौक असेल तर एका फेरीत सोळा. फेऱ्या कमी, तर नासाडी कमी.

त्यामुळे नव्या एआय प्रणालीने ऐन संध्याकाळी १२० सेकंदांची सायकल ९० वर आणायला सुचवलं, तेव्हा मी मंजुरी रोखून धरली. पिट्सबर्गमध्ये २०१२ साली ९ चौकांवर अशाच प्रणालीने प्रवासाचा वेळ सुमारे २५ टक्क्यांनी घटवला होता, हे वाचलेलं होतं. पण ते त्यांचे चौक. आमच्या चौकातल्या पोलिसाला फोन लावला, तर तो उखडला. "साहेब, वाढवा म्हणून मी बोंबलतोय आणि तुम्ही कमी करताय?"

मग कॅमेरा मोठा करून नुसता बघत बसलो. वळणाऱ्यांच्या लेनमध्ये सात-आठ गाड्या मावतात. लाल लांबला की नववी गाडी बूड बाहेर ठेवून सरळ जाणाऱ्यांच्या वाटेत उभी. त्यांना हिरवा मिळालेला, पण समोर ही आडवी. दिवा हिरवा आणि खालून कोणी हलत नाही! कागदावर दिलेले सेकंद रस्त्यावर पोचतच नव्हते. प्रणालीला ती नववी गाडी दिसत नव्हती. हिरवा असूनही गाड्या थांबतात, एवढंच डेटात दिसत होतं.

मंजुरी दिली. काही फेऱ्यांतच वळणारी रांग आपल्या लेनमध्ये मावू लागली. गाड्या सुसाट सुटल्या असं अजिबात नाही. एकाच चौकात दोन-दोनदा लाल लागणं थांबलं, इतकंच. इंधन वाचतं ते तिथेच, कारण थांबलेली गाडी पुन्हा उचलायलाच जास्त पेट्रोल जळतं. (जाहिरातीत मात्र वेगच दाखवतात.)

एक सूचना मी साफ नाकारली. बाजूच्या रस्त्याचा हिरवा ११ सेकंदांवर आणायचा होता. त्याच फेजमध्ये माणसं मुख्य रस्ता ओलांडतात. रस्ता १८ मीटर रुंद; सेकंदाला १.२ मीटर चाल धरली तरी १५ सेकंद हवेत. गाड्यांच्या डेटात पायी चालणारा नसतोच. ही मर्यादा पुरवठादाराने आधीच लॉक करायला हवी होती. मी १५ टाकले, मग म्हाताऱ्या माणसांची चाल बघून १८ केले. तेव्हापासून प्रणालीच्या अहवालात तो चौक रोज लाल रंगात येतो. येऊ दे.