रिंग ऑसिलेटर, नोंद 4: एका नावाचे दोन व्हीडीडी

चवथीचे पाहुणे परतले, फोंड्यात पावसाने पुन्हा जोर धरला, तेव्हा कुठे लॅपटॉपसमोर बसायला सापडलं. मागच्या खेपेला रिंग ऑसिलेटरचा (सिग्नल उलटवणारे इन्व्हर्टर गोलाकार जोडून आपोआप वर-खाली होत राहणारं सर्किट) 11 टप्प्यांचा लेआउट, म्हणजे चिपचा आराखडा, डीआरसीतून, म्हणजे आखणीच्या नियमांच्या तपासणीतून, एकदाचा सुटला होता. आता त्यातून नेटलिस्ट, म्हणजे कोणता भाग कशाला जोडलाय याची यादी, काढायची. चिप बनवण्याची प्रोसेस तीच, स्काय130, म्हणजे 130 नॅनोमीटर आणि 1.8 व्होल्ट. टूल मॅजिक, म्हणजे लेआउट काढायचं सॉफ्टवेअर.

खिडकी न उघडता चालवायचं तर 'डीनल' आणि 'नोकन्सोल' हे दोन पर्याय देऊन टीसीएल या भाषेतली स्क्रिप्ट पुढे करायची. (मॅजिकचे मूळ कर्ते जॉन ऑस्टरहाउट. टीसीएलही त्यांचीच, पण ती मॅजिकमध्ये शिरली पुष्कळ नंतर.) स्क्रिप्टीत काम दोनच ओळींचं: 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' (लेआउटमधली जोडणी काढणं) आणि मग 'एक्स्ट-टू-स्पाइस' (ती नेटलिस्ट म्हणून लिहिणं). लेआउटमध्ये ट्रान्झिस्टर असा कुठे काढलेला नसतो, असतात ते नुसते रंगीत आयत. डिफ्यूजनच्या थरावरून पॉलीच्या थराची पट्टी गेली की टूल तिथे ट्रान्झिस्टर धरतं. माझे बरोबर 22 निघाले, 11 इन्व्हर्टरचे दोन-दोन.

एनजीस्पाइस या सिम्युलेटरने वारंवारता 1.4 गिगाहर्ट्झ दाखवली. सर्किटच्या आकृतीवरूनही जवळजवळ तेवढंच आलं होतं. आधी खूश झालो, मग खटकलं. एवढ्या तारा ओढल्या आणि त्यांचा भार शून्य? फाइल उघडली तर 'सी'ने सुरू होणारी एकही ओळ नाही, म्हणजे कॅपेसिटर एकही नाही. चूक माझीच. 'एक्स्ट-टू-स्पाइस एलव्हीएस' (एलव्हीएस म्हणजे लेआउट आणि आकृतीची तुलना) म्हटलं की 'सीथ्रेश', म्हणजे ज्याहून लहान कॅपेसिटर गाळायचे ती मर्यादा, अनंत होतो आणि सगळे परजीवी, म्हणजे तारांमुळे आपसूक तयार होणारे, कॅपेसिटर गाळले जातात. तुलनेसाठी ते ठीक, सिम्युलेशनसाठी नाही. त्या ओळीनंतर 'सीथ्रेश 0' दिलं, फाइल चांगलीच लांबली आणि आकडा 0.9 वर आला. एलव्हीएससाठी एक आणि सिम्युलेशनसाठी एक, अशा दोन स्क्रिप्टी आता वेगळ्या ठेवल्यात.

नेटजेन या तुलना करणाऱ्या टूलने आकृती आणि लेआउट तंतोतंत जुळल्याचं सांगितलं. इथेच नोंद संपायची.

पण संध्याकाळी वीज गेली, घरातला इन्व्हर्टर कुरकुरायला लागला (माझ्या 11 मध्ये हा धरू नये), आणि काही सुचेना म्हणून लेआउट उघडून उगाच पट्ट्या निवडत बसलो. वरच्या ओळीतल्या व्हीडीडीवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पट्टीवर, कर्सर ठेवून 'एस' तीनदा दाबलं की जोडलेलं सगळं नेट (एकमेकांना भिडलेल्या सगळ्या तारा) उजळायला हवं. उजळली फक्त वरची ओळ. खालच्या पाच इन्व्हर्टरांची व्हीडीडी पट्टी वेगळीच! दोन्हींना जोडणारी मेटल 1 ची उभी पट्टी मी कधी काढलीच नव्हती.

मग एलव्हीएस पास कसं झालं? दोन्ही पट्ट्यांवर लेबल एकच, व्हीडीडी. नाव एक म्हणून नेटलिस्टीत नोडही एकच झाला, आणि नेटजेन बघतं ती नेटलिस्ट, लेआउट नव्हे. वाड्यावर दोन घरांना 'श्रीगणेश कृपा' अशी पाटी असली म्हणून मधली भिंत पडत नाही, पण मॅजिकच्या हिशेबी पडते. सिम्युलेशनही त्याच भरवशावर छान चाललं होतं. चिप बनली असती तर अर्धी रिंग मेलेली.

यावर उपाय आहे: 'एक्स्ट्रॅक्ट ऑल'च्या आधी 'एक्स्ट्रॅक्ट युनिक'. ते दिल्यावर एका पट्टीच्या नावाला 'यूक्यू0' असं शेपूट लागलं आणि नेटजेन लगेच ओरडलं, एक नेट जास्त आहे म्हणून. एक सावधगिरी मात्र घ्या. हा आदेश लेआउटमधलीच लेबलं बदलतो, तेव्हा त्यानंतर सेव्ह करायचं नाही. मी केलं, आणि मग सगळी शेपटं हाताने कापली.

उभी पट्टी आता काढली आहे, व्हीडीडी एकच निघतो. जीएनडीही (ग्राउंड) तपासला, तो सुदैवाने जोडलेला होता. तारांचे रोध अजून धरलेले नाहीत. ते 'एक्स्ट-रेझिस्ट'चं काम, पुढच्या रविवारी, वीज असली तर.