टेकलेले पाय

४ फेब्रुवारी, नागासाकी

फुकुओकाहून गाडीने संध्याकाळी पोचलो. लेकाने तीन दिवस सुट्टी काढली आहे. "आई, सगळे क्योतो-तोक्यो बघायला येतात, तुला नागासाकीच कशाला?" वसईतल्या गासच्या देवळात बाप्तिस्मा झालेल्या पोराने हे विचारावं! म्हटलं, आपल्या गावचा माणूस आहे तिथे, भेटून येऊ.

५ फेब्रुवारी

सकाळी निशिझाका टेकडी. स्टेशनाच्या जवळच आहे, पण चढ गुडघ्यांना कळला. १५९७ साली आजच्याच तारखेला इथे २६ ख्रिस्ती लोकांना क्रुसावर दिलं. क्योतोत त्यांतल्या चोवीस जणांच्या डाव्या कानाची पाळी कापली आणि ऐन थंडीत महिनाभर चालवत इथवर आणलं. सव्वीसांतले २० जपानी. उरलेल्या सहांत एक वसईचा, गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई आपल्याकडची. पोरवयात जपानला आला, भाषा शिकला, मध्ये व्यापारही केला. मग मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि १५९३ मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारी दुभाष्या म्हणून परत आला. दर सणाला प्रवचनात हे सगळं ऐकायचो आम्ही, अर्धं लक्ष बाहेरच्या फुगेवाल्याकडे ठेवून.

स्मारकावर सव्वीसही जण ब्राँझमध्ये, एका ओळीत उभे आहेत. उभे म्हणायचं, पण पाय टेकलेले नाहीत. पावलं खाली सुटलेली, बोटं जमिनीकडे. गोन्सालो शोधून काढला, पोराने माझा फोटो घेतला. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. फार उंचावर वाटले मला ते.

रडू आलं दुपारी, संग्रहालयात, एका पितळी पाटीसमोर. शाळेच्या वहीपेक्षा लहान. तिच्यावर येशूची प्रतिमा, नाकडोळे झिजून सपाट झालेले. हिला फुमिए म्हणतात. १६१४ मध्ये शोगुनने, म्हणजे लष्करी राज्यकर्त्याने, सबंध देशात ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. प्रत्येक घराला बौद्ध मठात नाव नोंदवावं लागे. पाद्री दाखवून देणाऱ्याला इतकी चांदी, अशा पाट्या गावोगाव लागल्या. आणि इथे नागासाकीत वर्षाच्या पहिल्या महिन्यात घरातल्या प्रत्येकाने या प्रतिमेवर पाय द्यायचा. तान्ह्या बाळाचंसुद्धा पाऊल धरून टेकवत. अंथरुणाला खिळलेल्याकडे पाटी घेऊन जात. आपण मारुतीच्या शेंदरावरून हात फिरवतो तसा हा चेहरा झिजला असता तर गोष्ट वेगळी होती. हा पायांनी झिजला आहे, आणि त्यांतले कितीतरी पाय त्याच्याच माणसांचे.

घरी येऊन ही माणसं काय करत? दारं लावून एक प्रार्थना म्हणत, कोंचिरिसान. मूळ पोर्तुगीज शब्द, पश्चात्ताप असा अर्थ. पापांची कबुली ऐकायला धर्मगुरू नव्हता, शेवटचा १६४४ मध्ये मारला गेला होता. पण मनापासून पश्चात्ताप केला तर फादर नसतानाही क्षमा मिळते, असं त्यांच्या वाडवडिलांना शिकवून ठेवलेलं होतं. म्हणजे जानेवारीत पाय द्यायचा, रात्री क्षमा मागायची, आणि पुढच्या जानेवारीत परत पाय द्यायचा. हे वर्षानुवर्षं.

रात्री झोप नाही. लिहूनच टाकते.

काही वर्षांपूर्वी रेल्वेने लांबच्या प्रवासाला एकटी निघाले होते. समोर एक बाई, माझ्याच वयाच्या, बोलायला गोड. डब्यातून रव्याचे लाडू काढून दिले. कुठल्याशा प्रार्थनासभेत शिरून लोकांना मारहाण झाल्याची बातमी निघाली, तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं झालं, माजलेत." आणि मग मला, "तुमचं आडनाव काय म्हणालात?" मी काहीच म्हणाले नव्हते. पदर सारखा करायच्या निमित्ताने गळ्यातला क्रूस आत सरकवला आणि म्हटलं, म्हात्रे. आणि दुसरा लाडूही खाल्ला.

कुणी मला खांबाला बांधणार नव्हतं. दोन शब्द कडू ऐकून घ्यावे लागले असते, फार तर. निशिझाकाची आणि त्या डब्याची तुलना करायला मी वेडी नाही. पण तेव्हापासून गोन्सालोच्या सणाला मिस्सेत मागच्या बाकावर बसते.

६ फेब्रुवारी

बसने सोतोमे. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे समुद्र, मध्ये चिमूटभर शेती. झाडीत एक शिंतो देऊळ आहे, कारेमात्सु. कुणी सांगितलं नाही तर चारचौघांसारखं देऊळ. पण आत आठवण आहे ती सान जिवान नावाच्या परदेशी पाद्र्याची. वाटेत एक भलीमोठी शिळा, तिच्या आडोशाला चाळीसेच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, रात्रींत जमून लोक ओराशो, म्हणजे प्रार्थना, घोकत. लॅटिन-पोर्तुगीज शब्द पिढ्यानपिढ्या तोंडातोंडी इतके घासले गेले की म्हणणाऱ्याला अर्थ कळेना. तरी म्हणत. (आमची आजी लॅटिन मिस्सेत हेच करायची.) घरात कानोनची मूर्ती, कडेवर मूल. बघणाऱ्याला बौद्ध देवी, घरच्यांना मारिया.

धर्मगुरू नव्हते, तेव्हा शेतकरी आणि कोळी यांनीच कामं वाटून घेतली. एकाने बाप्तिस्म्याचं पाणी घालायचं. एकाने पंचांग सांभाळायचं, कुठला सण कधी आणि कुठल्या दिवशी सुई हातात घ्यायची नाही ते सांगायचं. हे पंचांग बास्तियान नावाच्या एका प्रापंचिक उपदेशकाचं. तो पकडला जाऊन मारला गेला, पण सात पिढ्यांनी काळ्या जहाजांतून फादर येतील असं सांगून गेला.

मला मध्येच गोवा आठवला, तो लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इथे आपली माणसं देव लपवत होती, आणि त्याच्या थोडं आधी तिकडे आपलेच पोर्तुगीज देवळं पाडत होते. कुशस्थळीचा मंगेश नदीपलीकडे प्रियोळला न्यावा लागला. तिथे देव लपवणारे हिंदू होते आणि सत्ता क्रुसाची. गोन्सालोच्या प्रवचनात हा भाग कधी ऐकला नाही.

१७ मार्च १८६५ ला नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये उराकामी गावचे पंधराएक लोक आले. एक बाई फादर पतिजाँच्या जवळ जाऊन हळूच बोलली, आमचं काळीज तुमच्यासारखंच आहे. मग विचारलं, सांता मारियेची मूर्ती कुठे आहे? सव्वादोनशे वर्षांनी फादर भेटला आणि बाईला आधी आईची चौकशी करायची होती! बंदी तेव्हाही होतीच. पुढे उराकामीच्या ३,००० हून जास्त लोकांना हद्दपार केलं, त्यांतले ६०० वर मेले. १८७३ मध्ये बंदीच्या पाट्या उतरल्या.

या बाईपर्यंत तो प्रश्न पोचवला कुणी? टेकडीवरच्या सव्वीस जणांनी नाही. त्यांचं त्या दिवशी संपलं. पोचवला तो पाटीवर पाय देऊन घरी आलेल्यांनी. गोन्सालो मला आवडतो, त्याचा सण मी सोडणार नाही. पण ओळख वाटली ती या लोकांची.

परतताना शित्सुच्या जुन्या चर्चमध्ये गेलो. दारात चपला-बूट काढायचे असतात, आपल्या देवळासारखे. माझ्या मोज्याला अंगठ्याजवळ भोक, लेक बघून हसला. लाकडी जमीन इतकी गार की कळ डोक्यात गेली. आत कुणी नव्हतं. पुढून दुसऱ्या बाकावर बसले.

"आई, शेवटची बस चार-पन्नासला आहे," तो म्हणाला.

म्हटलं, थांब जरा.