पस्तिशीनंतर काय बदलतं?

"मॅडम, पस्तिशीनंतर दिवस राहिले तर डॉक्टर एवढ्या तपासण्या का सांगतात?" फैजपूरला बारावीला जीवशास्त्र शिकवते म्हणून हा प्रश्न मला हळदीकुंकवात, लग्नाच्या पंगतीत नेहमी विचारला जातो, तोही सासूला ऐकू जाणार नाही अशा आवाजात. विचारलंत म्हणून नीट सांगते.

उत्तर पेशी कशी दुभंगते यात आहे. पेशी दुभंगण्याआधी तिच्या ४६ गुणसूत्रांची, म्हणजे आनुवंशिक माहितीच्या धाग्यांची, प्रत्येकी एक प्रत तयार होते. मूळ आणि प्रत लगेच सुटी होत नाहीत. कोहेसिन नावाच्या प्रथिनांची कडी दोघांना एकत्र धरून ठेवतात. १९९७ साली यीस्टच्या अभ्यासातून ती ओळखली गेली. धरून ठेवणं हे सततचं काम आहे. वापल नावाचं प्रथिन कडी उघडू पाहतं, सोरोरिन त्याला अडवतं. विभाजन सुरू झालं की गुणसूत्रांच्या बाहूंवरची बरीचशी कडी सुटतात, पण सेंट्रोमियरपाशी, म्हणजे मूळ आणि प्रत घट्ट जोडलेल्या जागी, शुगोशिन हे प्रथिन ती राखतं. प्रत्येक गुणसूत्र पेशीच्या दोन्ही बाजूंनी ओढणाऱ्या तंतूंना जोडलं गेलं, की मगच सेपरेज हे विकर कडी कापतं. एखादं जरी जोडायचं राहिलं असेल तर पेशी थांबते. हे थांबणं मला फार मोलाचं वाटतं. आपल्या रावेर-यावलच्या केळीला बी धरत नाही, तरी कंदातून पील, म्हणजे नवं रोप, फुटतं, तिथेही प्रत्येक पेशी अशीच दुभंगते.

आता स्त्रीबीज. त्याचं विभाजन मुलगी आईच्या पोटात असतानाच सुरू होतं आणि अर्ध्यावर थांबतं. ते पुढे सरकतं बीज पक्व होताना, म्हणजे कधी पंधरा, कधी चाळीस वर्षांनी. तोवर गुणसूत्रं धरून ठेवायची ती जन्माआधीच्याच कड्यांनी. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की बीजात ही कडी नव्यानं भरली जात नाहीत आणि वयाबरोबर कमी होत जातात. पकड सैल झाली की गुणसूत्रं चुकीच्या बाजूला जातात. २१वं गुणसूत्र एक जास्त आलं तर डाऊन सिंड्रोम, म्हणजे बाळाची शारीरिक-बौद्धिक वाढ मंदावणारी जन्मजात अवस्था. पुरुषाचं बीज मात्र वयात आल्यापासून नव्यानं तयार होत राहतं.

त्यामुळे "सुनेतच खोट आहे" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. ती कडी तिच्या जन्माआधीची आहेत.

विशीत साधारण १५०० बाळांत एकाला, पस्तिशीत ३५०त एकाला आणि चाळिशीत शंभरात एकाला डाऊन सिंड्रोम असतो. चाळिशीतही शंभरातली नव्याण्णव बाळं त्यापासून दूर असतात. तपासणी करून घ्या. रिपोर्ट कळला नाही तर घेऊन या, आपण बसून वाचू.