अडकित्ते लंडनला पाठवताना: माझा अनुभव

बाबांनी जमवलेले सात अडकित्ते लंडनला भाच्याकडे पाठवायचे होते. लहानपणी तो आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या घरी आजोबांच्या मांडीला मांडी लावून सुपारी कातरायला शिकला, म्हणून बाबांनी ते त्याच्या नावानं ठेवले होते. प्रत्येकाचं पातं सुती पट्टीनं बांधलं, मलमलीत गुंडाळलं आणि शाहूपुरीतल्या एका कुरिअरवाल्याकडे दिलं.

पार्सल मुंबईत अडकलं ते सोळा दिवस.

कुरिअरच्या पोरानं कागदावर वर्णन लिहिलं होतं, 'अँटिक ब्रास'. "असं लिहिलं की वस्तू भारी वाटती ताई," म्हणाला. सही करताना मीही नीट वाचलं नाही. कस्टमनं पार्सल थांबवलं, त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर किंवा जास्त वर्षांची पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पाठवली तर कमीत कमी सहा महिने कैद आहे. हस्तलिखितांना तर पंचाहत्तर वर्षांचीच अट आहे.

माझा राग आहे तो कुरिअरवाल्यावर. रोज फोन केला की "होल्ड दाखवतंय", "उद्या बघतो", "साहेब बाहेर गेलेत". चौथ्या दिवसापासून फोनच उचलेनात. सोळाव्या दिवशी सकाळी अकराला मी त्यांच्या दुकानात स्टूल ओढून बसले, मुंबईला फोन लावल्याशिवाय उठणार नाही म्हटलं. दुपारी दीडला फोन लागला. पलीकडून एकच वाक्य आलं: "पुरावस्तू नसल्याचा दाखला लागेल." एवढं एक वाक्य त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं असतं तर! वर परतीचे पैसेही माझ्याकडूनच घेतले.

हा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळतो. अर्जाला फोटो आणि मोजमापं जोडली, महालक्ष्मी एक्स्प्रेसनं अडकित्ते घेऊन मुंबईला गेले. सोबत बाबांची वही नेली. कुठला अडकित्ता कुठल्या यात्रेत, केवढ्याला घेतला, हे त्यात त्यांच्या अक्षरात आहे. तुमच्याकडेही जुनी पावती असेल तर जपून ठेवा.

पाच अडकित्त्यांना दाखला मिळाला. दोन जुने निघाले.

अजून एक राहिलंच. कुरिअरवाला म्हणत होता, किंमत हजार रुपयेच लिहू. लिहू देऊ नका. पार्सल हरवलं तर भरपाई कागदावरच्या आकड्यापलीकडे मिळत नाही. आणि वर्णनात वस्तू काय आहे, कशाची आहे तेवढंच लिहा. दुसऱ्या खेपेला मी स्वतः 'पितळी अडकित्ते, लोखंडी पातं' लिहिलं, दाखला जोडला आणि दुसऱ्या कुरिअरनं पाठवलं.

घोड्याच्या आकाराच्या अडकित्त्यानं सुपारी कातरताना भाच्यानं व्हिडिओ कॉल केला. "आजोबांसारखी बारीक येईना गं मावशी," म्हणाला. डोळ्यात लाल काचेचा मणी असलेला मोर मात्र इथंच राहिला. पात्याला गंज धरू नये म्हणून त्याला दर रविवारी मी खोबरेल लावते.