प्रवासासाठी लॅपटॉप घेताय? चार्जर पण बघा

सगळे लॅपटॉपचं वजन बघतात पण चार्जरचं कोणी विचारतच नाही, आणि गेमिंगवाल्या लॅपटॉपचा तो विटेएवढा अडॅप्टरच कित्येकदा अर्ध्या किलोच्या वर जातो. मला विचाराल तर यूएसबी-सीवर चार्ज होणाराच घ्या, मग ६५ वॉटच्या एकाच छोट्या चार्जरवर फोन पण होतो नि लॅपटॉप पण. १३ इंची मॅकबुक एअर एम२ १.२४ किलोचा, आत पंखाच नाही त्यामुळे रात्री स्लीपर कोचमध्ये आवाजाचा त्रास नाही, फक्त रॅम नंतर वाढवता येत नाही म्हणून १६ जीबीवालाच बघा. आणि हो, बॅटरी १०० वॉट-अवरच्या (बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं माप) आत असली की विमानात केबिन बॅगेत न्यायला अडचण येत नाही. कीबोर्ड मात्र दुकानात जाऊन दोन-चार ओळी टाईप करून बघाच, ते स्पेक्स वाचून कळत नाही.